खुर्चीवरून पाच वेळा

मला कोणी स्वयंपाकातलं शिकवायला आलेलं खपत नाही, हे आधीच सांगते. पंचवीस वर्षं घाटकोपर पूर्वेला गुजराती घरांत पोळ्या लाटतेय. एकाला तेल चालत नाही, एकीला कांदा-लसूण नको, एका घरच्या बाला, म्हणजे आजीला, डायबेटिस. आजपर्यंत कोणाच्या ताटात चुकीची वस्तू गेली नाही. म्हणून ह्यांच्या किडन्या खराब झाल्याचं कळलं, तेव्हा मी पोराला, सुबोधला, म्हटलं, तू औषधं आणि रिपोर्ट बघ, ताट माझ्यावर सोड.

हे म्हणजे माझे मिस्टर, दशरथ. आधी कापडाच्या गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. गिरणी बंद पडली तसे मरोळला एमआयडीसीत फिटर म्हणून लागले आणि तिथूनच रिटायर झाले. हाताला इतका जोर होता की भटवाडीत आमच्या चाळीत कोणाचा नळ जाम झाला तरी पान्याच्या आधी ह्यांनाच हाक मारायचे. लोणच्याच्या बरण्या घेऊन बायका दारात उभ्या. हे झाकण फिरवून द्यायचे आणि वर म्हणायचे, एक फोड ठेवून जा. लाज म्हणून नाही माणसाला.

पाच वर्षांपूर्वी बीपीने किडन्यांची वाट लावली. पहिल्या डॉक्टरांनी एक कागद दिला. वर हिरवी पट्टी, खाली चित्रं. किडनीच्या रुग्णांचा आहार. मीठ कमी, डाळ दिवसाला अर्धी वाटी, अंडी-मासे-मटण बंद. तो मी फ्रिजवर चिकटवला आणि त्या दिवसापासून घरात त्याचंच राज्य सुरू झालं. बटाटे सोलून, कापून, तास तास पाण्यात. डाळीची वाटी वेगळी काढून ठेवली, तिला दुसरं कोणी हात लावायचा नाही. मासळी मी घरातच बंद केली. आम्ही मालवणकडची माणसं, बुधवारी-रविवारी बांगडा नाही तर जेवलोय असं वाटत नाही. पण ह्यांनी भोपळ्याची भाजी खायची आणि मी समोर बसून बांगड्याचं तिखलं ओरपायचं, हे कसं व्हायचं? मीपण सोडले मासे. सुबोध बाहेर खाऊन यायचा.

दोन वर्षं ते चाललं. मग एक दिवस हे म्हणाले, डॉक्टर म्हणाले, चवीपुरती सुकट चालेल. मी मूर्ख, विश्वास ठेवला. इतक्या दिवसांनी माणूस काहीतरी मागतोय म्हणून चांगली कांदा-कोकम घालून सुकट केली. आणि ह्यांनी चवीपुरती कसली, अख्खी वाटी चाटून पुसून खाल्ली. वर दोन तांबे पाणी. पहाटे छातीत पाणी भरलं. आयसीयूत चार दिवस. डॉक्टरांना मी विचारलं तर ते म्हणाले, मी असं काही बोललो नव्हतो. तिथूनच डायलिसिस सुरू झालं. ते कधीतरी होणारच होतं म्हणाले, पण मला तर ती सुकटच दिसत होती.

तेव्हापासून जेवणाच्या बाबतीत ह्यांचा शब्द माझ्या लेखी शून्य.

सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिस. सकाळी सातला ह्यांना सेंटरच्या दारात सोडायचं आणि मी कामावर जायचं. आत नातेवाइकांना बसू देत नाहीत, आणि मला वेळही नव्हता. अकराला परत न्यायला जायचं. सगळं सुरळीत होतं. सेंटरमधल्या सिस्टर मला म्हणायच्या, काकू, तुमच्यासारखी काळजी घेणारं माणूस आम्ही बघितलं नाही. मी वरवर म्हणायची, काय करणार बाई. पण मनातून फुगायची. का नाही फुगणार? ह्यांचं वजन अठ्ठावन्न होतं ते अठ्ठावन्नच राहिलं होतं. दारात भेटणारे बाकीचे पेशंट बारीक होत गेले, आमचे हे तसेच. गाल तर उलट भरलेले.

डायलिसिसचा पहिला महिना संपत आला असेल. मी अकराला न्यायला गेले, रिक्षात बसल्यावर ह्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला.

"वना, त्या चेडवान सांगल्यान, आता मासे खावक होये. अंडी पण."

चेडू म्हणजे तिथली आहारवाली पोरगी, गंधाली. आठवड्यातून एकदा यायची. मी कधी तिला भेटले नव्हते. मी कागद बघितला. वर तीच हिरवी पट्टी, तीच चित्रं, किडनीच्या रुग्णांचा आहार. म्हटलं, हा तर आहे आपल्याकडे. घडी घातली आणि फाइलमध्ये टाकला.

"सुकटीच्या वेळेलापण डॉक्टरच बोलले होते, नाही का?" मी म्हटलं.

हे हसले. रिक्षावाल्याकडे बघत राहिले. पुन्हा कधी तो विषय काढला नाही. मला वाटलं, पकडले गेले म्हणून गप्प झाले. मी घरी येऊन अर्धी वाटी डाळ वाढली.

ह्या गोष्टीला अडीच वर्षं झाली.

गेल्या वर्षी ठरलं की माझी किडनी ह्यांना द्यायची. रक्तगट जुळला, बाकीचंही जुळलं. मोठ्या हॉस्पिटलमध्ये माझ्या इतक्या तपासण्या झाल्या की आयुष्यात तेवढी कोणी माझी विचारपूस केली नव्हती. डॉक्टर म्हणाले, काकू, साठीला आलात पण किडन्या अगदी झकास आहेत. मी चाळभर सांगत सुटले. हे म्हणायचे, "तुझी किडनी माझ्यात आली तर मीपण दिवसभर कोणाकोणाला ओरडत सुटेन." दिवाळीनंतर ऑपरेशन, असं तोंडी ठरलंसुद्धा. त्या आधी एकच तपासणी उरली होती. अंगात मांस आणि ताकद किती आहे ती बघायची. किडनीच्या आजारात स्नायू झिजतात, आणि झिजलेल्या माणसाला एवढं मोठं ऑपरेशन झेपत नाही, म्हणून आधीच बघून घेतात. मी म्हटलं, बघा की. वजन अठ्ठावन्न आहे.

ती तपासणी गंधालीच करणार होती, ती त्या हॉस्पिटलमध्येपण यायची. चष्मेवाली, सुबोधच्या वयाची. खोलीत एक खुर्ची, टेप, आणि जमिनीवर चिकटपट्टीच्या दोन रेघा. तिने आधी प्रश्न विचारले.

"काका, पाच किलोची पिठाची पिशवी उचलायला त्रास होतो?"

"मी उचलूच देत नाही," मी म्हटलं.

"खुर्चीतून, पलंगावरून उठताना?"

"मी हात देते ना."

"जिने?"

"आमच्याकडे रिक्षातून उतरलं की पन्नास पायऱ्या आहेत. सुबोध नाहीतर मी, कोणीतरी धरतोच."

तिने पेन थांबवलं. "काकू, मला काकांचं उत्तर हवंय."

मला राग आला. एवढं करतेय माणूस, आणि ही मला गप्प बसवते. ह्यांनी खाली बघून सांगितलं, "तिने नाय धरला तर नाय जमत."

मग तिने उजव्या हातात एक यंत्र दिलं. डाव्या हाताला डायलिसिसच्या सुया टोचतात, म्हणून उजवा. मूठ आवळायची, काटा फिरतो. हे मला बघून हसले, म्हणाले, मोडलं तर भरून द्यावं लागेल काय? आवळलं. चौदा. पुन्हा आवळलं, ओठ दाबून, मानेच्या शिरा वर आल्या. तेरा. तिसऱ्यांदा चौदा. मी विचारलं, किती यायला पाहिजे? ती म्हणाली, पुरुषांचं निदान अठ्ठावीस. मी म्हटलं, यंत्र बिघडलंय, दुसरं आण. तिने तेच यंत्र माझ्या हातात दिलं. माझे बावीस आले.

ह्यांच्या पोटरीला टेप लावली. पँट वर केल्यावर मी बघितलं आणि पहिल्यांदा बघितल्यासारखं बघितलं. रोज तेल लावते त्या पायांना. रोज. रोज बघणाऱ्याला कळत नाही म्हणतात ते काय खोटं आहे? घोट्याशी सूज, आणि वर पोटरीच्या जागी नुसती कातडी.

शेवटी खुर्ची. हात छातीवर घडी घालून पाच वेळा उठायचं आणि बसायचं. दोनदा उठले. तिसऱ्यांदा अर्धे उठले आणि धपकन बसले.

"पण वजन तर तेवढंच आहे," मी म्हटलं.

गंधालीने खुर्ची ओढून मला बसवलं. ती म्हणाली, "काकू, मांस कमी होत गेलं आणि पाणी साठत गेलं. काट्याला दोन्ही सारखंच." मग तिने विचारलं, जेवणात काय असतं? मी सांगितलं. अभिमानाने सांगितलं, काय सांगू तुम्हाला. अर्धी वाटी डाळ, अंडी नाही, मासे नाहीत, पाच वर्षांत एक दिवस चुकले नाही. ती ऐकत गेली आणि तिचा चेहरा उतरत गेला.

"ते डायलिसिसच्या आधीचं झालं," ती म्हणाली. "डायलिसिस सुरू झालं की उलट असतं. प्रत्येक वेळी अंगातलं थोडं प्रोटीन निघून जातं. अंड्याचा पांढरा भाग, ताजे मासे, रोज खायलाच लागतात." आणि ती ह्यांच्याकडे वळली. "काका, मी तुम्हाला सांगितलं होतं. कागदपण दिला होता. घरी सांगितलं नाही?"

ती फाइल माझ्याच मांडीवर होती.

मी तोंड उघडलं. त्याआधी हे म्हणाले, "विसरलो मी, बाळा. कागद पण खयतरी पडलो."

आणि मी गप्प बसले. तुम्ही मला काय म्हणायचं ते म्हणा. उभ्या आयुष्यात मी कधी गप्प बसले नाही, त्या दिवशी बसले. ती ह्यांना समजावत होती, असं विसरून कसं चालेल काका, आणि हे शाळेतल्या पोरासारखी मान हलवत होते.

घरी आल्यावर हे झोपले. मी फाइल उलटी केली. सगळ्यात खाली तो कागद. हिरवी पट्टी, चित्रं. आणि पट्टीच्या खाली बारीक अक्षरात, डायलिसिस सुरू असलेल्यांसाठी. मासे, अंडी, चिकन, प्रत्येकाच्या पुढे किती खायचं ते. अडीच वर्षं मी तो कागद काखेत घेऊन हिंडत होते. सेंटरला, हॉस्पिटलला, रिक्षात, सगळीकडे. फ्रिजवरचा जुना काढायला गेले तर निघेना, चिकटपट्टी इतकी बसली होती. नखाने खरवडून काढला.

मी त्यांना उठवलं. म्हटलं, "तुम्ही का नाही सांगितलं तिला?"

"काय सांगू? माझी बायको ऐकली नाय?" ते म्हणाले. "सुकटीची लबाडी मीच केली ना. मगे तू कशी विश्वास ठेवशील?"

"पुन्हा एकदा तरी मला सांगायचं होतंत."

"तू इतका राबत होतीस गे. बटाटे भिजवत होतीस, डाळ मोजत होतीस. रात्रंदिवस तुझा तोच ध्यास. त्यात मी चूक काढू?"

मी त्यांच्या पायाशी बसून रडले. त्यांना उठून माझ्यापर्यंत येता येईना, म्हणून त्यांनी पायाने मला हळूच ढोसलं आणि म्हणाले, "चल, चाय टाक. अर्धो कप."

आठ दिवसांनी मोठ्या डॉक्टरांनी बोलावलं. सुबोधपण आला होता. डॉक्टर चांगले होते, पण त्यांनी फाइल बघत सांगितलं की दोन अडचणी आहेत. एक, ताकद फारच कमी आहे. आणि दुसरी, पेशंट सांगितलेलं विसरतात, पाळत नाहीत, असं इथे लिहिलंय. किडनी बसवल्यावर गोळ्या घड्याळाच्या काट्यावर घ्यायला लागतात, एक विसरली तरी किडनी जाते. ऑपरेशनला मंजुरी देणारी हॉस्पिटलची कमिटी अशा माणसाला सहसा हो म्हणत नाही.

ह्या माणसाने मरोळच्या नोकरीत एक दिवस लेटमार्क घेतला नाही. आणि माझी लाज झाकायला हे सगळं अंगावर घेऊन बसले होते, वर माझीच किडनी हातची जात होती तरी.

मी तो कागद काढून टेबलावर आपटला. "हे विसरले नव्हते," मी म्हटलं. "त्याच दिवशी सांगितलं होतं मला, कागदासकट. मी ऐकलं नाही. मला वाटलं खोटं बोलतात. तिथे खोडा ते. ह्यांच्या नावावर ते राहायला नको. माझं नाव लिहा पाहिजे तर, वनमाला दशरथ परब, हिने उपाशी ठेवलं असं लिहा."

सुबोध म्हणाला, "आई, बस कर ना." त्याचे डोळे भरले होते. गंधाली दारात उभी होती, तिने फाइल ओढून घेतली आणि तिथल्या तिथे ती ओळ खोडली. डॉक्टर मला म्हणाले, मावशी, आधीचा नियम तुम्ही नको तितका नीट पाळलात, एवढंच झालं. मग ह्यांना म्हणाले, तीन महिने देतो. खा, व्यायाम करा, आणि त्या खुर्चीवरच्या पाच बैठका मला करून दाखवा. मग तारीख देतो.

तीन महिने. मी दोन घरांची कामं सोडली. रोज सकाळी अंड्याचा पांढरा भाग, दुपारी पापलेट नाहीतर सुरमई, मीठ जेमतेम. पण अडीच वर्षं ज्याला मागूनही दिलं नाही, त्याची भूकच मेली होती. बांगड्याचा काटा न काटा चोखून ताटाच्या कडेला रांगेत मांडणारा माणूस, आता मी काटे काढून घास हातावर ठेवायचे तर दोन घासांत बस म्हणायचा. मी रागवायची, विनवायची, पुन्हा रागवायची. माझ्यासाठी म्हणून तिसरा खायचे.

स्वयंपाकघरातली खुर्ची भिंतीला टेकवून आम्ही सराव करायचो. गंधालीने बजावलं होतं, काकू, हात द्यायचा नाही, तुम्ही हात देता म्हणून त्यांचे पाय विसरले. मी हात पाठीमागे बांधून मोजायचे. एक. दोन. महिन्याभरात तीन झाले, मग एक दिवस चार. त्या दिवशी मी चाळीत सगळ्यांना साखर वाटली. ह्यांना नाही दिली, हे म्हणाले, बघा, अजून पोलीस आहेच.

मग सुईच्या जागी पू झाला आणि ताप चढला. अकरा दिवस खाटेवर. घरी आणले तेव्हा पलंगाच्या कडेला बसतानासुद्धा डोलत होते. कमावलेलं सगळं गेलं. तरी तीन महिन्यांच्या तारखेला हे स्वतः म्हणाले, चल, इस्त्रीचा शर्ट काढ.

तीच खोली, तीच खुर्ची. मुठीचे पंधरा आले. एक वाढला, गंधाली म्हणाली, पण तिचा आवाज खाली होता. मग ह्यांनी हात छातीवर घेतले. मी भिंतीशी उभी.

एक. दोन. तीन. तिसऱ्याला उभे राहिले ते हलत होते, पण उभे राहिले. बसले. पुन्हा उठायला लागले, गुडघे थरथरत होते, आणि मी मोठ्याने चार म्हणून टाकलं. ते अर्ध्यातच होते. माझा हात आपोआप पुढे गेला. गंधाली म्हणाली, "काकू, नको." मी हात मागे घेतला. ते खाली बसले.

डॉक्टरांनी फार लांबण लावली नाही. आत्ता ऑपरेशन केलं तर टेबलावरून ते परत येतील अशी खात्री मी देऊ शकत नाही, म्हणाले. डायलिसिस चालू ठेवू. पुढे बघू. पुढे बघू हे ते सुबोधकडे बघून बोलले, ह्यांच्याकडे बघून नाही. त्यावरून मला कळायचं ते कळलं. माझी किडनी चांगली आहे. ती आहे तिथेच राहणार.

सुबोध कागदपत्रांसाठी मागे थांबला. आम्ही दोघं रिक्षाने निघालो. पंतनगर गेल्यावर हे म्हणाले, "आज काय करतस?"

"बांगडे आणलेत."

"मगे तू पण खा. माझ्याबरोबर बसून. तूपण खयं खाल्लंस इतकी वर्षां."

मी मान बाहेर फिरवली. मला वाटत होतं ह्यांनी कधी बघितलंच नसेल.

भटवाडीच्या पायऱ्यांशी रिक्षा थांबली. मी आधी उतरले आणि सवयीने हात पाठीमागे बांधून उभी राहिले. त्यांनी एक पाय खाली टेकवला. रिक्षाचा दांडा धरला. जोर केला, पुन्हा केला. मी मनात मोजत होते. मग ते थांबले आणि वर माझ्याकडे बघितलं.

"वना," ते म्हणाले, "आता हात दी गे."

मी दिला.